वैगईच्या काठची पांढर

शुक्रवार, मदुराई

मदुराईला उतरणारा मराठी माणूस बहुतेक वेळा रामेश्वरच्या वाटेवर असतो. सकाळी मीनाक्षी, दुपारी नायकांचा महाल आणि रात्री पुढची गाडी. आमच्या डब्यातल्या सातारकर मंडळींचाही हाच बेत होता. आम्ही रामेश्वरला न जाता मदुराईतच मुक्काम ठोकणार, हे ऐकल्यावर त्यातल्या काकूंना राहवेना. "इतक्या लांब येऊन दर्शन नाही? मग कशाला चाललात?" दादा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला, "खापरं बघायला." काकूंनी पुढे काही विचारलं नाही. लाडवांचा डबा मात्र पुढे केला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला इंजिनिअर. मला लेण्यांचं वेड आहे आणि त्यापायी पुण्यात ब्राह्मी लिपीचा वर्ग केला. कीळडीचं नाव तिथेच ऐकलं. वैगई नदीच्या काठचं हे खेडं मदुराईपासून जेमतेम बारा किलोमीटरवर आहे. नारळाच्या बागांखाली तिथे एक आख्खं जुनं नगर सापडलंय आणि गेली दहा-बारा वर्षं तामिळनाडूत त्याच्यावरून अभिमान आणि भांडण दोन्ही जोरात आहे. दादाला अभिमानातही रस नाही आणि भांडणातही. "विटा आहेत ना?" एवढं त्याने विचारलं आणि तिकिटं काढली.

सामान टाकून आधी नदी गाठली. अल्बर्ट व्हिक्टर पूल १८८९ सालचा आहे. त्यावरून खाली पाहिलं तर पात्रात पाण्यापेक्षा गवत जास्त. मधोमध पाण्याची एक धार, तिच्यात म्हशी आणि म्हशींच्या पाठीवर बगळे. चित्रा पौर्णिमेला अळगर देव याच पात्रात उतरतो आणि तेव्हा इथे लाखो माणसं लोटतात, हे आज सांगून खरं वाटलं नसतं. वर्षानाडूच्या डोंगरात उगम पावून २५८ किलोमीटर वाहणाऱ्या या नदीचं स्वतःचं पाणी बेताचंच. १८९५ साली पेनिक्विक या इंग्रज इंजिनिअरने पश्चिमेला जाणारी पेरियार अडवली, डोंगरातून बोगदा खणला आणि ते पाणी वैगईच्या खोऱ्यात आणून सोडलं. ही हकीकत दादाने मला पुलावर उभ्याउभ्या, कठड्यावर बोटाने नकाशा काढून सांगितली. बोगद्याचा उतार किती असावा इथवर येईपर्यंत दिवे लागले.

संध्याकाळी मंदिराभोवतीच्या गल्ल्यांत सुंगडी साड्या पाहिल्या. दुकानदार आपापसात बोलत होते ते तमिळ नव्हतं, आणि मधूनमधून ओळखीचं काहीतरी कानावर पडत होतं. हे सौराष्ट्री विणकर. पूर्वज गुजरातेतून निघाले, देवगिरी आणि विजयनगर करत इथे पोचले, असं त्यांची परंपरा सांगते. त्यांच्या बोलीवर मराठीची छाया आहे, असं वाचलं होतं. मी मराठीत "पाणी मिळेल का?" म्हटलं आणि गल्ल्यावरच्या आजोबांनी मान वर न करता पोऱ्याला पाणी आणायला पिटाळलं. साडी घ्यावीच लागली.

शनिवार, कीळडी

रामेश्वरच्या रस्त्यावरची बस पकडून सिलैमानला उतरलो आणि तिथून रिक्षा केली. रिक्षावाल्या अण्णांना 'म्युझियम' म्हटल्यावर पत्ता सांगावा लागला नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नारळ, मधूनच भात आणि केळी, वीटभट्ट्यांचा धूर. आपल्याकडे जुनी पांढर, म्हणजे जुन्या वस्तीची जागा, दिसली की ओळखू येते, गावाबाहेर टेकाड असतं, माती राखट असते, पायाखाली खापरं येतात. इथे जमीन हलकीशी वर आल्यासारखी वाटते, एवढंच. नुसतं पाहून कळलं नसतं.

कळलं ते एका शाळामास्तरांमुळे. १९७०च्या दशकात गावात विहीर खणताना जुन्या वस्तू निघाल्या. शाळेतल्या एका शिक्षकांनी त्या जपून ठेवल्या आणि पुरातत्त्व खात्याला कळवलं. पुढे बरीच वर्षं काहीच हललं नाही. मग २०१३-१४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने वैगईचं खोरं उगमापासून मुखापर्यंत पालथं घातलं आणि २९३ ठिकाणं नोंदवली. त्यांतून कीळडी निवडलं गेलं. अमरनाथ रामकृष्ण यांच्या देखरेखीखाली पहिल्या हंगामात ४३ आणि दुसऱ्यात ५९ खड्डे खणले आणि नारळाच्या मुळांखालून विटांच्या भिंती, सांडपाण्याच्या वाटा, भट्ट्या, विहिरी वर यायला लागल्या. तमिळ प्रदेशात तोवर जुन्या काळच्या खाणाखुणा म्हणजे मुख्यतः दफनं. मेलेली माणसं कुठे ठेवली ते माहीत होतं, ती राहत कुठे होती हे मात्र फारसं हाती लागलेलं नव्हतं. कीळडीची मातब्बरी यात आहे.

२०१७ साली रामकृष्ण यांची आसामात बदली झाली आणि इथे गदारोळ उडाला. चौथ्या हंगामापासून, म्हणजे २०१८ पासून, राज्याच्या पुरातत्त्व विभागाने काम हाती घेतलं ते आजतागायत चालू आहे.

संग्रहालय ५ मार्च २०२३ रोजी उघडलं. चेट्टीनाड वाड्यांच्या धर्तीवर बांधलंय, आणि ते शोभतंही, कारण चेट्टीनाड याच शिवगंगा जिल्ह्यात येतं. लाकडी खांब, उतरती कौलं, मधे अंगण आणि भोवती वेगवेगळी दालनं: शेती-पाणी, कुंभारकाम, विणकाम, व्यापार, राहणी. दादा आल्या आल्या खांबांना टिचक्या मारून बघू लागला. मी सरळ खापरांकडे गेले.

काचेआडचं एक खापर मी बराच वेळ पाहत उभी राहिले. तळहाताएवढं. आतून काळं, बाहेरून तांबडं, आपल्या महापाषाणीय काळातल्या भांड्यांशी नातं सांगणारं. भांड्याच्या खांद्यावर अक्षरं कोरलेली. कोरलेली म्हणजे खरवडलेली. भांडं भाजून झाल्यावर कुणीतरी टोकदार वस्तूने गिरवलंय, त्यामुळे रेघेच्या कडा तुटक आहेत आणि तांबड्या पृष्ठाखालची फिकट माती उघडी पडलीये. गोलाई आली तिथे हात घसरलाय, उभी रेघ पुढे निघून गेलीये. कुंभाराने ओल्या मातीवर काढलं असतं तर रेघ गुळगुळीत, खोलगट आली असती. चौथ्या हंगामात अशी तमिळ-ब्राह्मी अक्षरांची ५६ खापरं सापडली आणि त्यांतली वळणं एका हातची नाहीत. म्हणजे लिहिणारा कुणी एक कारकून नव्हता. घरोघरची माणसं आपापल्या भांड्यावर आपापलं नाव घालत होती. आदन. कुविरन. माझी आजीसुद्धा पितळी तांब्यांवर नाव घालून घ्यायची, पण त्यासाठी तिला बाजारातला माणूस लागायचा.

या नावांपुढे राजा नाही, मागे पदवी नाही. सगळ्या संग्रहालयात फिरलं तरी राजा सापडत नाही. देऊळ नाही, पूजेची म्हणून खात्रीने दाखवता येईल अशी मूर्ती नाही. सुताच्या चात्या आहेत, विणकामाची हाडाची टोकं आहेत, तांब्याची सुई आहे, हस्तिदंताचा आणि मातीचा फासा आहे, सोन्याचे बारीकसे दागिने आहेत. ठशांचं चांदीचं नाणं आहे. स्फटिकाचं एक वजनही आहे, २०२३ साली सापडलेलं, तोळ्यापेक्षाही कमी भरेल असं. लालसर अकीकाचे मणीही ठेवलेत. हा दगड महाराष्ट्र-गुजरातकडून व्यापारातून आला असावा, असं उत्खननाच्या अहवालात म्हटलंय. ते वाचून माझी मान उगाचच ताठ झाली. दादा म्हणाला, "तू नाही दिलास तो."

पुण्याचा खरा संबंध पुढच्या दालनात लागला. कीळडीत मिळालेली हाडं तपासायला डेक्कन कॉलेजात पाठवली होती. गाय-बैल, म्हैस, मेंढी, शेळी, नीलगाय, काळवीट, रानडुक्कर आणि मोर अशी यादी तिथून आली. काही हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत, म्हणजे मटण शिजत होतं. गाय-बैलांची संख्या मोठी, म्हणजे शेती आणि गुरं हा पाया. येरवड्याच्या त्या झाडीतल्या प्रयोगशाळेत कुणीतरी बसून वैगईकाठच्या माणसाच्या ताटात काय होतं ते ठरवलं, याची मला मोठी गंमत वाटली.

गर्दी चांगली होती, आणि ती पर्यटकांची नव्हती. आसपासच्या गावांतून सहकुटुंब लोक आलेले, शाळेची एक सहल, डोक्यात मोगऱ्याचे गजरे माळलेल्या बायका. ठिकऱ्यांच्या कपाटाशी एक आजीबाई नातवाला समजावत होत्या. खापराच्या कडा घासून केलेल्या गोल ठिकऱ्या इथे शेकड्यांनी सापडल्यात. आजींनी तिथेच फरशीवर पायाने चौकोन आखले आणि एका पायावर दोन उड्या मारून दाखवल्या. "पांडी, पांडी!" पहारेकरी हसला. मी म्हटलं, "पाट्टी, आमच्याकडे पण." त्यांना काय कळलं कोण जाणे, पण मलाही उडी मारायला लावली.

उत्खननाची जागा चालत जाण्याइतकी जवळ आहे. काही खड्डे छपराखाली उघडे ठेवलेत, बाकीचे खणून, नोंदून, बुजवून परत शेतकऱ्याच्या ताब्यात. खड्डा म्हणजे आपल्याला वाटतो तसा खड्डा नव्हे. कडा तासलेल्या, कोपरे काटकोनात, भिंतीवर थरांच्या रंगांचे पट्टे आणि त्यांना लावलेल्या चिठ्ठ्या. तळाशी कड्यांची विहीर दिसते. भाजलेल्या मातीची रुंद कडी एकावर एक बसवत नेलेली, वरच्या कड्याचा काठ खालच्यात अडकणारा. वाळूच्या जमिनीत विहीर खणली की बाजू ढासळतात, त्यावर हा उपाय. दादा गुडघ्यावर बसला तो उठेना. शेजारी विटांची भिंत होती. विटा आपल्यापेक्षा लांबरुंद आणि चपट्या. "रुंद आणि पातळ वीट आतपर्यंत नीट भाजते," तो म्हणाला, "आपली ठोकळ्यासारखी, मधे कच्ची राहते." शिवाय कौलं. एका टोकाला भोकं आणि पाठीवर खाचा. भोकांतून दोरी ओवून वाशाला बांधायची, खाचांतून पावसाचं पाणी निथळून जायचं. २०२४च्या हंगामात एकाला एक जोडलेले मातीचे नळही निघाले. ते बघायला मिळाले नाहीत, याची हळहळ त्याला अजून आहे.

बाजूच्या बागेत एका शेतकरीदादांनी इळनीर, म्हणजे शहाळं, फोडून दिलं. मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांत गप्पा झाल्या. त्यांच्याही जमिनीत खड्डे झाले होते. "खाली ते, वर नारळ," म्हणाले. आधी वाटायचं सरकार जमीन घेणार. आता मुलगा सुट्टीत पाहुण्यांना रस्ता दाखवतो. शहाळ्याचे पैसे मात्र त्यांनी बाजारभावापेक्षा दहा रुपये जास्तच लावले. वारशाचे म्हणून मी दिले.

रात्री इडलीच्या गाड्यावर वादाचा विषय निघाला. राज्याने २०१९ साली अहवाल काढला. ३५३ सेंटीमीटर खोलीवरचा कोळसा अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत तपासला, काळ आला इ.स.पू. ५८०. त्यामुळे इथली लिपी आणि नागरी वस्ती इ.स.पू. सहाव्या शतकापर्यंत मागे गेली. रामकृष्ण यांनी २०२३ च्या जानेवारीत आपल्या उत्खननाचा अहवाल दिला, त्यात सुरुवात आठव्या शतकापर्यंत नेलीये. मे २०२५ मध्ये सर्वेक्षणाने तो सुधारून द्यायला सांगितलं, त्यांनी नकार दिला, महिनाभरात पुन्हा बदली झाली. मदुराईत याबद्दल तटस्थ माणूस भेटणं मुश्कील.

मला जे कळतं ते असं. कार्बनच्या कालमापनात इ.स.पू. ८०० ते ४०० हा पट्टा कुप्रसिद्ध आहे. त्या काळात वातावरणातल्या कार्बनचं प्रमाण असं काही बदलत गेलं की कालनिश्चितीचा आलेख तिथे जवळजवळ सपाट होतो. सातव्या शतकातला कोळसा आणि पाचव्या शतकातला कोळसा प्रयोगशाळेत सारखंच बोलतात. म्हणून एकेका कोळशावर शतकांची भांडणं लढवण्यात अर्थ नाही. थर, भांडी, अनेक नमुने एकत्र ठेवून बोलावं लागतं, आणि त्यासाठी आधी सगळे अहवाल छापून लोकांच्या हातात यावे लागतात. इतकी वर्षं खणून पहिल्या हंगामांचा अहवाल अजून वादातच अडकलाय, ही गोष्ट मला सहावं की आठवं यापेक्षा जास्त खटकते. खापरांवरच्या काही चिन्हांचं सिंधू संस्कृतीच्या चिन्हांशी साम्य दाखवतात, त्यावर तर मी तोंड उघडणार नाही. दादा तेवढ्यात आठवी इडली संपवत होता.

रविवार, कोंदगै आणि तिरुप्पुवनम

कीळडीच्या माणसांनी आपले मृत नेले ते शेजारच्या कोंदगैला. अगरम आणि मणलूर ही आणखी दोन गावं याच समूहातली. त्यांना आम्ही धावती भेट दिली आणि खरं सांगायचं तर बुजवलेली शेतं आणि एक फलक यापलीकडे बघण्यासारखं फार नव्हतं. कोंदगैला मात्र थांबलो.

इथे मोठमोठ्या रांजणांत दफनं आहेत. जाड काठाचे, तळाशी निमुळते रांजण जमिनीत उभे पुरलेले. आत हाडं, भोवती काळ्या-तांबड्या वाट्या, कुठे लोखंडाचं हत्यार. दोन कवट्यांवरून चेहरे घडवण्याचं काम लिव्हरपूलच्या जॉन मूर्स विद्यापीठाने केलं आणि २०२५ साली ते चेहरे वर्तमानपत्रांत झळकले. मी तो फोटो फोनमध्ये ठेवला होता. रिक्षावाल्या अण्णांना दाखवला तर त्यांनी तो जवळ घेऊन पाहिला, आपल्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाले, "माझा चित्तप्पा." म्हणजे धाकटा काका.

मला इनामगाव आठवत होतं. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ खणलेलं. तिथे गावाबाहेर स्मशान नव्हतं. लहान मूल गेलं की दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत. एक प्रौढ पुरुष तर चार पायांच्या, पोटाळ मातीच्या रांजणात बसवलेला मिळाला. काळ कोंदगैपेक्षा पुष्कळ आधीचा, माणसं वेगळी, चाल वेगळी, तरी मेलेल्याला मातीच्या भांड्यात ठेवायची कल्पना दोन्हीकडे. याचा थेट धागा जोडायचा मोह टाळलेला बरा. पण कोंदगैच्या रांजणांसमोर उभं राहिल्यावर शिरूर तालुक्यातली किती माणसं इनामगावला अशी सहकुटुंब गेली असतील, हा विचार काही डोक्यातून गेला नाही. मी स्वतः शिरूरवरून शंभरदा गेले असेन.

दुपारी तिरुप्पुवनमला गेलो. पुष्पवनेश्वराचं जुनं शिवस्थान आहे, तमिळ शैव संतांनी गायलेलं. संत पलीकडच्या काठाने आले, तर वैगईची सगळी वाळू त्यांना शिवलिंगांची दिसली. पाय कसा ठेवणार? त्यांनी तिथूनच गायला सुरुवात केली. मधे नंदी आडवा येत होता, तर देवाने त्याला जरा सरकायला सांगितलं. म्हणून इथला नंदी तिरका आहे. आपल्याकडे चोखोबांना पलीकडच्या काठावर दीपमाळ बांधून राहावं लागलं, ते आठवून मी त्या तिरक्या नंदीला दोनदा प्रदक्षिणा घातली.

इथे अस्थींची फुलं होतात अशी श्रद्धा आहे, त्यामुळे काठावर पिंडदानाची गर्दी. केळीची पानं, तीळ, भाताचे गोळे, नुकतीच क्षौर केलेली डोकी. पाणी घोट्याएवढं, तेही शोधून. एका गुरुजींनी यजमानाला पात्रात पार मधोमध नेलं, तिथे त्याची अंजली जेमतेम भरली. मागे वाळूत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल उमटलेल्या होत्या.

सोमवार, मांगुळम

खापरांवरच्या अक्षरांची भावंडं दगडावर बघायची असतील तर मदुराईच्या भोवतालच्या टेकड्यांवर जायला हवं. जैन साधूंच्या गुहा आहेत त्या. आम्ही मांगुळमजवळच्या मीनाक्षीपुरमची टेकडी निवडली.

पायथ्याशी शेळ्या राखणारा एक मुलगा वाटाड्या म्हणून आपणहून पुढे झाला. चढ फार नाही, पण दगड तापतो आणि सावली नाही. दादाचं गुडघेपुराण सुरू झालं. वर पोचल्यावर मात्र झुकलेल्या कातळाखाली थंडगार. आत दगडात कोरलेल्या शय्या आहेत, उशाकडे किंचित उंचवटा ठेवलेल्या. लेण्यांची सवय असलेल्याला हे साधं वाटेल, ना खांब ना कमान. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून कातळाच्या कपाळावर एक आडवी खाच मारलीये आणि तिच्याखाली लेख.

अक्षरं हातभर लांबीची, खोल, ठसठशीत. अशोकाच्या ब्राह्मीत शिकलेली मी 'क', 'न', 'त' लावत सुटले आणि चौथ्या-पाचव्या अक्षराशी अडले. तमिळमधले जे उच्चार प्राकृतात नाहीत त्यांच्यासाठी इथल्या लोकांनी नवी अक्षरं घडवली होती. आपल्याला ळ नवा नाही, पण ळच्याही पलीकडचा तो जीभ मुडपून करायचा उच्चार, त्यालाही स्वतंत्र चिन्ह. रॉबर्ट सेवेलने १८८२ साली हे लेख उजेडात आणले. ते तमिळ आहेत हे के. व्ही. सुब्रह्मण्य अय्यरांनी १९२४ साली दाखवलं. मधली चाळीसेक वर्षं विद्वान माझ्यासारखेच अडले होते, हा मोठाच दिलासा.

मजकूर दानाचा आहे. साधूचं नाव, पांड्य राजा नेडुंचेळियन याच्या माणसाने करवलेलं काम, आणि वेळ्ळरैच्या व्यापाऱ्यांचा निगम. इथे थबकायला झालं. निगम, म्हणजे व्यापाऱ्यांचा संघ, आपल्या पश्चिम महाराष्ट्रातल्या लेण्यांच्या लेखांतही येतो. लोणावळ्याजवळच्या पाले गावच्या लेण्यात 'नमो अरहंतानं' म्हणून सुरू होणारा छोटा लेख आहे. त्यात इंद्ररक्षित नावाच्या माणसाने लेणं आणि पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद आहे. तिथली भाषा प्राकृत, इथली तमिळ. पण दोन्हीकडे डोंगरात राहणाऱ्या साधूची सोय गावातल्या पैसेवाल्यांनी करायची, आणि केल्यावर दगडात नाव लिहून ठेवायचं. शाळेच्या पंख्यावरसुद्धा देणगीदाराचं नाव असतं, ती आपली परंपरा बरीच जुनी निघाली.

नेडुंचेळियनचं नाव संगम काळच्या, म्हणजे सर्वांत जुन्या तमिळ, कवितांत येतं, त्यामुळे तमिळ अभ्यासकांना या लेखाचं फार अप्रूप. शेळ्या राखणाऱ्या मुलाला मी ते नाव बोटाने दाखवलं. त्याने मोठ्याने वाचून दाखवलं. वाचता येत नव्हतं त्याला, पाठ होतं. आलेला प्रत्येक प्राध्यापक तेच म्हणतो, असं तो म्हणाला.

उतरताना पलीकडे ग्रॅनाइटच्या खाणींनी कापलेल्या टेकड्या दिसल्या. केक कापल्यासारख्या सरळ. मदुराई जिल्ह्यात हा धंदा मोठा आहे आणि बऱ्याच गुहा राहिल्यात त्या संरक्षित असल्यामुळेच.

मंगळवार, अळगनकुळम

शेवटी नदीबरोबर समुद्राकडे गेलो. रामनाथपुरमपर्यंत बस, पुढे रिक्षा. वैगई शेवटपर्यंत नदी म्हणून पोचतच नाही म्हणा ना. वाटेत तळ्यांत, कालव्यांत वाटली जाते, रामनाथपुरमच्या मोठ्या तळ्यात जिरते, उरलंसुरलं पाण्याचं बोट पाल्कच्या सामुद्रधुनीला लागतं. त्या टोकाशी अळगनकुळम आहे. १९८६-८७ पासून राज्य पुरातत्त्व विभागाने इथे वेळोवेळी खणलंय. रोमन नाणी, भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांचे तुकडे, आणि खापरावर गिरवलेलं एक जहाज मिळालं. कीळडीचं सूत आणि मणी जहाजावर चढायचे ते इथूनच, असा तर्क आहे.

आज बंदर नाही. किनारा सरकलाय, बाभळी आहेत, मासे वाळत घातलेत, एका घराच्या ओट्यावर बायका जाळी दुरुस्त करत बसलेल्या. टेकाडावर आपोआप हात खाली जातो. खापरं कितीतरी. उचलू नये हा नियम मला ठाऊक आहे आणि दादालाही मी आठवण करून दिली. तो पालथ्या तळव्याने माती सारखी करून उठला.

रामेश्वर इथून तासा-दीड तासाच्या अंतरावर. बसस्टँडवर कंडक्टर "रामेश्वरम, रामेश्वरम" ओरडत होता आणि दादाने माझ्याकडे पाहिलं. साताऱ्याच्या काकूंचं मन राखावं म्हणून म्हणे. चढलो.

कुणी कीळडीला जाणार असेल तर: मदुराईला मुक्काम करावा, सकाळी लवकर निघून संग्रहालय आणि खड्डे एका दमात पाहावेत, कोंदगै आणि तिरुप्पुवनम वेगळ्या दिवशी. प्रत्यक्ष खोदकाम बघायचं तर जानेवारीत जाऊ नये, हंगाम साधारणपणे त्यानंतर सुरू होतो. मांगुळमला दहाच्या आत वर पोचावं आणि पाणी बरोबर न्यावं, वर टिपूस मिळत नाही. शहाळ्याचा भाव आधी विचारावा.